पाऊस ओसरताना परसबाग: विसर्जन ते दसरा, कामांचा क्रम आणि वाटेत भेटणारी मंडळी

गणपती गेले की आमच्या परसात पाय ठेवायला जागा नसते. भोरकडचा पाऊस जून ते ऑगस्ट असा लागून राहतो की मागच्या दारापलीकडे जाववत नाही. तेवढ्या वेळात केना, आघाडा, टाकळा गुडघ्याला लागतात, दोडक्याचा वेल लिंबावर चढून बसतो, कुंड्यांना शेवाळ धरतं. मग भाद्रपदाचं ऊन पडतं आणि हाताला सुरसुरी येते, की एका रविवारी सगळं भुईसपाट करून टाकावं.

तेच करू नका, हे सांगण्यासाठी हा लेख आहे. तीन महिने ही जागा आपली नव्हती. तिथे बेडूक राहिले, कोळ्यांनी जाळी विणली, शिंप्याने पानं शिवून घरटं केलं, आणि बेडकांमागे एखादा सापही आला. आठ वर्षांपूर्वी दसऱ्याच्या आधी पाहुणे येणार म्हणून मी ग्रास कटर लावून अख्खं परस एका सकाळी साफ करून घेतलं. दुपारी गवत गोळा करताना दोन भेक कापलेले मिळाले. तुतीच्या छाटलेल्या फांदीत शिंप्याचं घरटं होतं, आत तीन पिल्लं. मोठी जोडी संध्याकाळपर्यंत त्या जागी टिवटिवत फिरत होती. तेव्हापासून आमच्याकडे साफसफाई पट्ट्या पाडून होते, रोज एक पट्टा, आणि कामांचा क्रम बागेत कोण राहतंय ते बघून ठरतो. सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंतचा महिना त्याला पुरतो.

पहिले दोन दिवस: नुसतं बघणं

हत्यार न घेता फिरा. एकदा सकाळी आठच्या सुमारास, एकदा दिवेलागणीला बॅटरी घेऊन. पायात गमबूट, हातात पाच फुटी काठी. काठीने पुढचं गवत हलवत चाला.

सकाळी सगळ्यात आधी जाळी दिसतात, दव पडलेलं असतं म्हणून. मधोमध पांढऱ्या जाड धाग्याची नागमोडी फुली असेल तर ती सिग्नेचर कोळ्याची. त्याची मादी दोन-दोन पाय जोडून त्या फुलीवरच उलटी लटकते, जणू आठाऐवजी चारच पाय आहेत. पावसाळ्याच्या शेवटी ती अंगाने भरते. माणसाला तिच्यापासून धोका नाही. नाकतोडे आणि माश्या तिच्या जाळ्यात अडकतात, तेव्हा ती जाळी राहू द्या आणि त्या फांदीला कापडाची चिंधी बांधून ठेवा. चिंधी म्हणजे "इथे कात्री नको" ही आमच्या घरची खूण.

दुसरी चिंधी घरट्यांना. शिंपी दोन-तीन पानांच्या कडांना भोकं पाडून कापसाने किंवा कोळ्याच्या धाग्याने त्यांची पिशवी शिवतो. तुती, अंजीर, भेंडी, जास्वंद, कुठेही मोठं पान असलं की पुरे. बाहेरून काही कळत नाही. दोन हिरवी पानं एकमेकांना चिकटल्यासारखी दिसली तर फांदी न वाकवता खालून बघा. पिल्लं उडून जायला फार तर दोन-तीन आठवडे लागतात, तेवढी फांदी थांबू शकते.

संध्याकाळच्या फेरीत कोणत्या कोपऱ्यात बेडूक जास्त आहेत, बीळ कुठे आहे, विटा-लाकडांचा ढीग कुठे पडलाय, हे मनात नोंदवा. ढिगाला हात सगळ्यात शेवटी लावायचा, आणि तोही भर उन्हात.

साचलेलं पाणी

पहिलं खरं काम हे. फुटक्या कुंड्या, टायर, कुंडीखालच्या बशा, नारळाच्या करवंट्या. डेंग्यूचा डास स्वच्छ साचलेल्या पाण्यातच वाढतो आणि त्याला आठ-दहा दिवस पुरतात. पण ओतण्याआधी पाण्यात डोकवा. वळवळत वरखाली होणाऱ्या बारीक अळ्या डासांच्या. काळं गोल डोकं आणि चपटी शेपटी असलेले बेडकाचे भैरे वेगळे दिसतात. भैरे असतील तर ते पाणी एका मोठ्या टोपात काढा, कडेला तिरका दगड ठेवा म्हणजे पाय फुटले की त्यांना चढून बाहेर येता येईल. पिंपाच्या आतल्या भिंतीवर साबणाच्या फेसासारखा गोळा चिकटलेला दिसला तर ती झाडबेडकाची अंडी आहेत.

याच दिवसांत गवतावर पिवळसर चतुर शेकड्यांनी घिरट्या घालतात. उडत उडतच ते डास आणि चिलटं टिपतात. हे चतुर पावसाने साचलेल्या डबक्यांत वाढतात आणि पाऊस संपताना वाऱ्यावर स्वार होऊन निघतात. मालदीवमध्ये राहून त्यांचा अभ्यास करणारे चार्ल्स अँडरसन यांनी २००९ साली मांडलं, की दरवर्षी ऑक्टोबरात तिथे उतरणारे हे चतुर भारतातून येतात आणि हिंदी महासागर ओलांडून पूर्व आफ्रिकेकडे जातात. बोटाएवढा जीव. आपल्या दोडक्याच्या मांडवाच्या काठीवर तो बसलेला असतो तेव्हा पुढच्या समुद्राची कल्पनाही येत नाही. मांडवाच्या काही रिकाम्या काठ्या म्हणूनच मी ऑक्टोबर सरेपर्यंत काढत नाही.

तण: घरापासून कुंपणाकडे

तण काढायची घाई एवढ्यासाठी, की सप्टेंबर संपेपर्यंत ते बी धरतं. पण दिशा महत्त्वाची. मागच्या दारापासून सुरुवात करा आणि रोज तीन-चार फुटांचा पट्टा घेत कुंपणाकडे सरका. त्यामुळे साप, सरडे, बेडूक बाहेरच्या बाजूला निघून जातात. उलट, कुंपणापासून घराकडे कापत आलात तर सगळे शेवटी तुमच्या पायरीपाशी गोळा होतील. विळ्याने आधी वीतभर उंचीवर कापा, पाच-दहा मिनिटं थांबा, मग मुळासकट उपटा. शेवटचा कुंपणालगतचा दोन फुटांचा पट्टा आम्ही ठेवतोच. तिथे तेरडा आणि आघाडा असतो, त्यावर फुलपाखरं येतात. मुनिया गवताची बोंडं खायला येतात.

गाजरगवताला मात्र दया नको. १९५५ च्या सुमारास पुण्यात पहिल्यांदा नोंदलं गेलेलं हे तण आज देशभर आहे. फुलं यायच्या आत उपटा, पूर्ण बाहीचा सदरा, हातमोजे आणि नाकाला फडकं लावून. अंगाला खाज आणि दम्याचा त्रास यानेच होतो. त्याच्या पानांवर फिकट पिवळ्या पाठीवर काळ्या वळणदार रेघा असलेले भुंगेरे दिसले तर ते झाड चार दिवस राहू द्या. हे मेक्सिकन भुंगेरे याच तणावर सोडण्यासाठी १९८० च्या दशकात भारतात आणले. ते पानांची चाळण करून टाकतात. फूल नसलेलं गाजरगवत खतात चालतं, फुललेलं मुळीच नाही.

लव्हाळा उपटून जात नाही. वरचं पातं हातात येतं आणि खालची गाठ राहते, तिच्यातून आठवड्यात नवा कोंब येतो. खुरप्याने वीतभर खोल जाऊन गाठी वेचाव्या लागतात. कंटाळवाणं काम आहे, पण दोन वर्षं नेटाने केलं तर वाफा सुटतो.

साप दिसला तर

हा भाग सावकाश वाचा.

आमच्याकडे या दिवसांत सर्वांत जास्त भेटते ती नानेटी. हात-दीड हात लांब, मातकट रंगाची, पाठीच्या मागच्या अर्ध्या भागावर शेपटीपर्यंत दोन पिवळसर रेघा. परवाच्या वर्षी पुदिन्याची कुंडी सरकवली तर खाली वेटोळं करून होती. तिने मान फुगवली, खवल्यांमधून निळसर कातडी चमकली, आणि माझ्या दोन पावलांच्या अंतरावरून ती अळूत शिरली. बिनविषारी, बेडूक खाणारी, स्वभावाने अगदी गरीब. धामणही बिनविषारी. उंदीर कमी होतात ते तिच्यामुळे.

सावध राहायचं ते घोणशीपासून. जाड अंग, त्रिकोणी डोकं, पाठीवर साखळीसारख्या तपकिरी लंबगोल ठिपक्यांच्या तीन रांगा, आणि डिवचली की कुकरच्या शिटीसारखा मोठा फूत्कार. ती पळत नाही, पाचोळ्यात पडून राहते, आणि पाचोळ्याच्याच रंगाची असते. म्हणून नियम पाळायचे: जिथे दिसत नाही तिथे हात घालायचा नाही. पाचोळा दाताळ्याने ओढायचा. कुंडी आपल्याकडच्या कडेला धरून उचलायची नाही, पलीकडची कड आधी उचलायची म्हणजे खालचा जीव आपल्यापासून लांब जातो. संध्याकाळी साडेपाचनंतर काम बंद.

साप दिसला की मागे या, बाकीच्यांना लांब करा, तो जाईपर्यंत थांबा. घरात शिरला किंवा जातच नसेल तर गावातल्या सर्पमित्राला किंवा वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने साप मारणं गुन्हा आहे.

चावलाच तर: दंशाची जागा कापू नका, चोखू नका, घट्ट दोरी बांधू नका. माणसाला चालवू नका, चावलेला हात किंवा पाय फळीला हलकेच बांधून स्थिर ठेवा, अंगठ्या-बांगड्या काढा, आणि १०८ ला फोन करून सरकारी रुग्णालयात न्या. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांच्या विषावर एकच प्रतिसर्पविष असतं, त्यामुळे साप मारून किंवा पकडून दाखवायला नेण्याची गरज नाही. वेळ वाया घालवायचा नाही एवढंच.

विटांच्या ढिगात विंचूही असतो. वीट उचलायची ती जाड हातमोजा घालून, एकेक, आधी काठीने कलंडवून. लाल विंचू चावला तर घरगुती उपायांत रात्र काढू नका. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन हे औषध वापरायला सुरुवात केल्यापासून अशा दंशाने जाणारे कितीतरी जीव वाचले, पण ते औषध वेळेत मिळावं लागतं.

शंखी गोगलगाय

पाऊस कमी झाला तरी ओल असेपर्यंत ही रात्रीत झेंडूची अख्खी ओळ खाऊन जाते. तपकिरी पट्ट्यांचा, शंकूसारखा निमुळता शंख असलेली ही आफ्रिकेतली गोगलगाय एकोणिसाव्या शतकात भारतात आली. २०२२ साली लातूर, बीडकडे सोयाबीनची कोवळी रोपं हिने फस्त केली होती. औषधापेक्षा हाताने वेचणं बरं. संध्याकाळी गुळाच्या पाण्यात भिजवलेली गोणपाटं वाफ्याच्या कडेने टाका, सकाळी उजाडताच त्याखालच्या गोगलगाई हातमोजे घालून उचला. उघड्या हाताने नको, यांच्या चिकट स्रावातून माणसाला घातक ठरणारे जंत पसरू शकतात. बादलीत घट्ट मिठाचं पाणी करून त्यात टाका, मग खोल खड्ड्यात पुरा. मिठाचं पाणी मातीत ओतायचं नाही. मातीत साबुदाण्याएवढी पिवळट पांढरी अंडी मिळाली तर तीही याच बादलीत.

एक मदतनीस आहे, भारद्वाज. विटकरी पंखांचा हा मोठा काळा पक्षी सकाळी सकाळी जमिनीवरून चालत येतो आणि शंखातून गोगलगाय ओढून काढतो. आमच्या तगरीखाली रिकाम्या शंखांचा छोटा ढीग होतो. भारद्वाज दिसला की दिवस चांगला जातो असं आजी म्हणायची. कुंपणाची दाट झुडपं पूर्ण काढली तर तो येत नाही, हे मी अनुभवाने सांगते.

माती आणि खताचा खड्डा

पावसाने वरची माती दबून बसते आणि वाळली की पापुद्रा धरते. पाय मातीला चिकटत असतील तर अजून दोन दिवस थांबा, ओली माती खणली की ढेकळं होतात. मूठभर माती दाबून सोडल्यावर ती फुटली पाहिजे. मग चार-पाच इंच खोल खुरपा. कुंड्यांत जुन्या मातीच्या दोन भागांना एक भाग कुजलेलं शेणखत किंवा कंपोस्ट, आणि बारा इंची कुंडीला साधारण एक मूठ निंबोळी पेंड.

खताचा खड्डा उपसताना पांढऱ्या जाड अळ्या निघतात, आणि बहुतेक जण "हुमणी" म्हणून त्या मारतात. थांबा. अळी फरशीवर ठेवा आणि बघा. मी पहिल्यांदा हे केलं तेव्हा ती उताणी झाली, सहाही पाय हवेत, आणि पाठीवरच्या केसांनी स्वतःला ढकलत सरळ रेषेत चालू लागली, तीही चांगल्या वेगाने. पाठीवर चालणारी ही अळी फुलांवर येणाऱ्या चमकदार भुंग्यांची. ती कुजलेलं खाते आणि खत करते. तिला खड्ड्यात परत टाका. इंग्रजी 'सी'सारखी वळून कुशीवर पडून राहणारी आणि झाडांच्या मुळाशी सापडणारी ती हुमणी. वाफ्यात मिळाली तर वेचून बाहेर उघड्यावर ठेवा, साळुंक्या आणि कोतवाल तिची व्यवस्था लावतात.

वाफा तयार झाला की दोन-तीन इंच वाळलेल्या गवताचं आच्छादन घाला. ऑक्टोबरचं ऊन भाजतं आणि आच्छादनाशिवाय पाणी टिकत नाही.

लिंबू, कढीपत्ता आणि अळ्यांचा प्रश्न

पावसानंतर लिंबाला आणि कढीपत्त्याला कोवळी पालवी येते, तिच्यावर पक्ष्याच्या विष्ठेसारखे काळे-पांढरे ठिपके दिसतात. ते ठिपके म्हणजे फुलपाखरांच्या लहान अळ्या. मोठ्या झाल्या की हिरव्यागार होतात. बोटाने हलकेच स्पर्श केला तर डोक्यामागून दुभंगलेलं, जिभेसारखं शिंग बाहेर येतं आणि आंबट उग्र वास सुटतो. माझ्या नातवंडांचा हा ऑक्टोबरातला आवडता खेळ आहे, एका अळीला एकदाच या अटीवर.

लिंबाच्या झाडावर निलवंताचीही अळी असू शकते. काळ्या मखमली पंखांवर निळी झाक असलेलं हे फुलपाखरू २०१५ पासून आपलं राज्य फुलपाखरू आहे. माझा हिशेब साधा आहे: झाड माणसाएवढं असेल तर अळ्यांना हात लावत नाही. पंधरा-वीस अळ्यांनी पानं खाल्ली तरी महिन्यात नवी पालवी येते. झाड गुडघ्याएवढं असेल तर अळ्या पानासकट उचलून मोठ्या झाडावर ठेवते. फवारणी कधीच नाही.

जास्वंदीवरच्या पांढऱ्या पिठ्या ढेकणाची गोष्ट वेगळी. जास्त पोखरलेले शेंडे कापून टाका, बाकीच्यावर पाण्याचा जोराचा फवारा मारा, मग पाच मिली निंबोळी तेल आणि थोडा साबण एक लिटर पाण्यात ढवळून संध्याकाळी फवारा. सकाळी नको, मधमाश्या फुलांवर असतात.

छाटणी

गुलाबाची छाटणी पाऊस खरोखर थांबल्यावर, साधारण ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यानंतर. आधी केली आणि दोन सरी आल्या की कापलेल्या टोकापासून फांदी काळी पडत खाली येते. वाळक्या, आत वळलेल्या, काडीएवढ्या बारीक फांद्या मुळापासून काढा. चांगल्या फांद्या चार-पाच डोळे ठेवून, बाहेरच्या डोळ्याच्या वर पाव इंचावर तिरक्या कापा. टोकांना बोर्डो पेस्ट लावा: १०० ग्रॅम मोरचूद आणि १०० ग्रॅम चुना वेगवेगळ्या प्लास्टिकच्या भांड्यांत अर्धा-अर्धा लिटर पाण्यात विरघळवून मग एकत्र करायचे. लोखंडी भांडं वापरू नका. डिसेंबरच्या सुरुवातीला फुलं येतात.

मोगऱ्याला आता कात्री लावू नका, त्याची छाटणी थंडीत. सीताफळाला फळं आहेत, तेही राहू द्या. खारी आणि वटवाघळं आपला वाटा घेतात, आमच्याकडे वरच्या फांद्या त्यांच्याच समजतात.

पेरणी

घटस्थापनेला आपण परडीत माती घालून धान्य पेरतो. मी त्याच दिवशी दुसऱ्या परडीत माझं बियाणं तपासते: प्रत्येकाचे दहा दाणे, ओल्या मातीत. सहाव्या दिवशी सातपेक्षा कमी उगवले तर ते बियाणं दाट पेरायचं किंवा बदलायचं. धने आणि गाजराला दहा-बारा दिवस द्यावे लागतात.

टोमॅटो, वांगी, मिरची, कोबी आणि फ्लॉवरची रोपं सप्टेंबरच्या मध्यालाच ट्रेमध्ये टाका, चार-पाच आठवड्यांनी लावणीला येतात. लावणी संध्याकाळी करा. मेथी दसऱ्याच्या आधी फेकून पेरली तर चार दिवसांत उगवते आणि महिन्याभरात काढणीला येते, दर दहा दिवसांनी एक छोटा वाफा पेरत राहा. कोथिंबिरीसाठी धने चपलेखाली हलके रगडून दोन फाका करा, रात्रभर भिजवा. पालक, मुळा, गाजर जागेवरच पेरायचे, मुळा-गाजराचं रोप उचलून लावलं की मूळ फाटतं. लसणाच्या पाकळ्या टोक वर करून दोन इंच खोल. वाटाणा मात्र हवेत गारवा आल्यावर, ऑक्टोबरच्या उत्तरार्धात.

मुंग्या मेथीपेक्षा बारीक दाणे उचलून नेतात. पेरल्यावर वाफ्याच्या कडेने चुलीतली राख टाका आणि दोन दिवस वर गोणपाट झाका. उगवण दिसली की त्याच दिवशी काढा, उशीर झाला तर कोंब पिवळे पडतात. रोज सकाळी गोणपाट उचलायच्या आधी काठीने दोनदा थोपटा, ओल्या गोणपाटाखाली भेक येऊन बसतो.

सप्टेंबरच्या शेवटाकडे एका सकाळी करडा धोबी येतो. पोटाखाली पिवळा, शेपूट सतत वरखाली. उन्हाळाभर हिमालयाकडच्या ओढ्यांवर राहून तो थंडीसाठी इकडे उतरतो, आणि आमच्या ताज्या खुरपलेल्या वाफ्यात पावलं टाकत किडे टिपतो. गेल्या वर्षी २८ सप्टेंबरला मेथी पेरत होते, तेव्हा तो चार हातांवर उतरला. मी हातातली मूठ तशीच धरून बसले. त्याने वाफ्याची लांबी दोनदा चालून मोजली, नळाखालच्या ओल्या दगडावर जाऊन पाणी प्यायला, आणि उरलेली मेथी मी तो पलीकडच्या वाफ्यात गेल्यावर पेरली.